मागची सीट नवीच आहे!

मंडळी, एक सोपी टेस्ट. आज संध्याकाळी ऑफिसातून घरी गेलात की करून बघा. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत आहे? एक मार्क. सोफ्यावर चादर? दोन मार्क. मोबाइलला स्क्रीनगार्ड, त्यावर फ्लिप कव्हर आणि ते पुन्हा पाउचमध्ये? पैकीच्या पैकी. अभिनंदन! तुम्ही अस्सल मध्यमवर्गीय मराठी घरात वाढला आहात.

माझे बाबा या परीक्षेत बोर्डात आलेले आहेत.

बाबा म्हणजे गोंदियातले रिटायर्ड मास्तर. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचे. २००९ साली त्यांनी आयुष्यातली पहिली आणि शेवटची गाडी घेतली, वॅगन आर. राखाडी रंग, एमएच-३५. मी तेव्हा बारावीला होते, दादा इंजिनीअरिंगला जायच्या बेतात. शोरूममधून गाडी निघाली ती थेट सीट कव्हरच्या दुकानात. फॅक्टरीतून आलेलं पॉलिथीन काढायचं नाही, ही बाबांची अट. त्यावर रेक्झिनची कव्हरं चढली. सहा-सात वर्षांनी ती तडकली म्हणून त्यांच्यावर मखमली मरून कव्हरं आली. तीही विटली, तेव्हा वरून टॉवेल आले. पुण्या-मुंबईचे लोक थंडीत लेअरिंग करतात ना, तसं आमच्या गाडीने बारा महिने केलं. तेही कुठे, तर मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो अशा गावात!

२०२४ साली गाडीला १५ वर्षं झाली. म्हणजे आरटीओत री-पासिंग. १ एप्रिल २०२२पासून खासगी कारच्या री-रजिस्ट्रेशनची फी ६०० रुपयांवरून ५ हजारांवर गेली आहे, शिवाय ग्रीन टॅक्स वेगळा. दादाने बंगलोरहून आणि मी मुंबईहून एकदमच मोहीम उघडली. बाबा, गाडी विका. लागेल तेव्हा टॅक्सी करा, पैसे आम्ही देतो. बाबांनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं. आठ दिवसांनी फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. पाच वर्षं वाढवून आणलेलं आरसी. खाली एकच ओळ, ‘गाडी चालून राहिली ना मस्त? मंग काहून विकायची?’

संपला विषय. पण त्यानंतर दिवाळीत घरी गेले तेव्हा ड्रायव्हरच्या सीटकडे नीट बघितलं. उजव्या कडेला, जिथून रोज घसरून उतरतात तिथे, टॉवेल, मखमल, रेक्झिन, सगळं फाटून पिवळा फोम बाहेर आला होता. बाबा त्या खड्ड्यात एक उशी ठेवून बसत होते. अडुसष्ट वर्षांचा माणूस, कमरेचं जुनं दुखणं, आणि उशी! मी तिथेच ठरवलं. गाडी विकत नाही ना? मग सीटा तरी धड करू. आणि करायच्याच तर चौथं कव्हर नाही. सगळं उतरवून थेट लेदर. तेही आपल्या अंगणात, स्वतःच्या हाताने. (यूट्यूबवर तीन व्हिडिओ बघितले की माझा आत्मविश्वास कुठल्या कुठे जातो, हे या पानाच्या जुन्या वाचकांना माहीत आहे.)

पहिला धडा : लेदर म्हणजे काय रे भाऊ?

शोरूममध्ये ‘लेदर सीट्स’ म्हणून जे दाखवतात, ते पुष्कळदा लेदरेट असतं. म्हणजे कापडाच्या पाठीवर पीव्हीसीचा किंवा पीयूचा थर. ज्याला आपण सरसकट रेक्झिन म्हणतो तो त्यांचा जुना चुलतभाऊ. रेक्झिन हे मुळात एका ब्रिटिश कंपनीचं ट्रेडमार्क नाव. आपण डालडासारखं त्याचं सामान्यनाम करून टाकलं. मग ‘बाँडेड लेदर’ नावाची एक चलाखी असते. त्यात कातड्याचा भुसा डिंकात बसवून त्याची शीट केलेली असते. वर्षा-दोन वर्षांत पोपडे निघतात.

ओळखायचं कसं? उलटं करून पाहा. खऱ्या कातड्याची पाठ मखमलीसारखी, तंतूतंतूंची दिसते. नकली मालाच्या पाठीला कापडाची वीण असते. कडेचा बारीक तुकडा जाळला तर खरं लेदर केस जळल्यासारखं वासतं, नकली प्लास्टिकसारखं. (दुकानदाराला विचारून जाळा, प्लीज.) आणि खऱ्या कातड्यावर कुठे ना कुठे ओरखडा, डासाचा डंख, जुनी जखम असतेच. ज्याच्यावर एकही डाग नाही, त्याच्याकडे संशयाने बघावं. माणसांच्या बाबतीतही मी हाच फंडा वापरते.

मुंबईत असल्याचा एक फायदा म्हणजे धारावी. तिथे चामड्याचा धंदा रुजला तो बांद्र्याचा कत्तलखाना जवळ होता म्हणून. तमिळनाडूतून आलेल्या कारागिरांनी टॅनऱ्या उभ्या केल्या. पुढे १९७१मध्ये कत्तलखाना देवनारला गेला, टॅनऱ्याही हळूहळू हलल्या, पण शिवणारे आणि विकणारे हात तिथेच राहिले. सायन-बांद्रा लिंक रोडवर बॅगा-जॅकेटांची दुकानं लागतात, त्यांच्या मागच्या गल्ल्यांत कच्चा माल मिळतो. एका शनिवारी मी तिथे गेले आणि लोण्यासारखं मऊ मेंढीचं नापा बघून पाघळलेच. दुकानदाराने विचारलं, ‘कशासाठी?’ म्हटलं, ‘गाडीच्या सीटा.’ त्याने ते माझ्या हातातून काढून घेतलं. ‘हे जॅकेटचं आहे. जॅकेटवर कोणी बसत नाही.’

सीटला लागतं म्हशीचं किंवा गाईचं, साधारण एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचं, वरून संरक्षक रंगाचा थर दिलेलं. तो थर घाम, ऊन आणि जीन्सचा निळा रंग झेलतो. बिनथराचं लेदर हाताला सुंदर लागतं, पण पाण्याचा एक थेंबही त्यावर कायमची सही करून जातो. महाराष्ट्रात २०१५पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हशींना ती बंदी लागू नाही. मी म्हशीचंच घेतलं, गडद तपकिरी. कातडं चौरस फुटावर विकतात. मोठं कातडं पाठीच्या कण्यावर चिरून दोन भाग करतात, त्याला ‘साइड’ म्हणतात. मी चार साइड घेतल्या, मिळून ऐंशीएक चौरस फूट. बाबांनी फोनवर मापं दिली होती, मी एक्सेलमध्ये बेरीज केली होती, वर दहा टक्के जास्त धरले होते. हिशोब चोख!

मास्तरांची मुलगी ना मी. हिशोब कुठे चुकला ते पुढे येईलच.

विदर्भ एक्स्प्रेसमधला सहप्रवासी

लेदरची घडी घालायची नसते, चुण्या राहतात. गुंडाळी करायची. आठ-नऊ किलोची ती गुंडाळी घेऊन मी सीएसएमटीला विदर्भ एक्स्प्रेसमध्ये चढले. गाडी संध्याकाळी निघते, अख्खा महाराष्ट्र आडवा कापते आणि दुसऱ्या दिवशी गोंदियाला पोचते, तिथून पुढे महाराष्ट्रच संपतो. साइड अप्परला मी एका कडेला आणि गुंडाळी दुसऱ्या. भुसावळपर्यंत अख्ख्या कंपार्टमेंटला नव्या बुटांचा वास येत होता. समोरच्या काकूंनी दोनदा नाकाला पदर लावला. तिसऱ्यांदा विचारलं, ‘गालिचा आहे का?’ मी हो म्हटलं. पापं काय एकेक असतात!

सकाळी नागपूर मागे पडलं की डोळे आपोआप खिडकीबाहेर लागतात. भंडारा रोड, तुमसर रोड, तिरोडा. मे महिना असला तरी कुठे कुठे उन्हाळी धान उभा होता, कुठे कापणी चालली होती. १९९९च्या १ मे रोजी भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा झाला, पण धान तोच. स्टेशनवर बाबा आले होते. गुंडाळी मागच्या सीटवर टाकताना म्हणाले, ‘आरामात ठेव, कव्हर फाटल.’

घरी आईची वेगळीच हरकत. ‘अन् आता चामड्यावर बसून नागऱ्याले जाऊ का मी?’ नागऱ्याचं शिवमंदिर हे तिचं दर सोमवारचं. या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. उत्तर बाबांनी दिलं, ‘चपला देवळाबाहेर काढते ना तू? गाडी पण बाहेरच राहते.’ आईला ते पटलं की ती थकली, कळलं नाही, पण परवानगी मिळाली. गंमत सोडा, ज्यांना चामडं नकोच असेल त्यांनी चांगल्या प्रतीचं पीयू बेलाशक घ्यावं. व्होल्वोने तर २०२१मध्येच जाहीर केलं की त्यांच्या नव्या पूर्ण इलेक्ट्रिक गाड्यांत लेदर असणार नाही. त्यात काही कमीपणा नाही. फक्त पीयूचे पैसे देऊन पीयू घ्या, लेदरचे देऊन नको.

सहा ते अकरा

मेमध्ये गोंदियात अंगणातलं काम सकाळी सहाला सुरू होतं आणि अकराला बंद. त्यानंतर माणूस कूलरसमोर. आम्ही पहिल्या दिवशी पुढच्या दोन्ही सीटा काढून कडुनिंबाखाली मांडल्या. खालचे चार बोल्ट सुटले की सीट अलगद उचलून निघते. शेजारचे काका फाटकातून डोकावले. ‘काय मास्तर, गाडी भंगारात देऊन राहिले का?’

इथे थांबून एक सिरीयस गोष्ट, कारण वाचून तुमचे हात शिवशिवले असतील. आमची गाडी २००९ची, तिला एअरबॅगच नाहीत. तुमच्या नव्या गाडीत सहा एअरबॅग असतील, तर पुढच्या सीटांमधल्या दोन बहुधा पाठीच्या बाहेरच्या कडेत दडलेल्या असतात. तिथे ‘एअरबॅग’ असं छोटं लेबल असतं. धडक झाली की डोळ्याची पापणी लवण्याआधी तिथली शिवण फाटून पिशवी बाहेर यावी लागते. त्यावर जाडजूड कव्हर घट्ट ओढून बसवलं, तर ती अडकू शकते किंवा भलत्याच बाजूला फुगू शकते. अशा सीटवर कव्हर घालू नका, असं गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, जे आपण कधी वाचत नाही. घालायचंच तर एअरबॅगच्या जागी खास कमकुवत शिवण ठेवलेलं, तुमच्या मॉडेलसाठीच बनवलेलं घ्या. आणि अशी सीट घरी काढायच्या फंदात तर पडूच नका. खालच्या पिवळ्या कनेक्टरशी खेळणं म्हणजे दिवाळीतला सुतळी बॉम्ब मांडीवर घेऊन वात शोधणं. ते काम कंपनीच्या वर्कशॉपचं.

तर, निंबाखाली. ड्रायव्हर सीटच्या खाली काय काय सापडलं? नऊ रुपये पन्नास पैसे, खडूचे तीन तुकडे, माझी हरवलेली केसांची क्लिप आणि मूठभर धान. आईने धान वेचून चिमण्यांना टाकला.

मग कव्हरं उतरवायची. मखमली गेलं, रेक्झिन गेलं, पॉलिथीनच्या चिंध्या गेल्या, आणि कंपनीचं मूळ कापड दिसलं. उजवी कड पार गेलेली, बाकी अंगावर पंधरा वर्षांचा घाम. मूळ कव्हर फोमवर ताणून बसवलेलं असतं ते धातूच्या बारीक रिंगांनी. आतून एक तार गेलेली असते, रिंग त्या तारेला आणि सांगाड्याला एकत्र धरते. कटरने एकेक रिंग तोडायची. तार फेकायची नाही, तीच नव्या कव्हरात घालायची असते. कोणती रिंग कुठे होती, याचे फोटो काढत जा. मी काढले. बाबांनी वहीत आकृती काढली आणि प्रत्येक बिंदूला अ, ब, क नावं दिली. सांगायला नको, कामाला आली ती वहीच.

नंतर कव्हर शिवणीवर ब्लेडने उसवायचं. प्रत्येक तुकड्यावर नंबर, वरची बाजू दाखवणारा बाण, आणि दोन तुकडे जिथे जुळतात तिथे खडूच्या खुणा. हे तुकडे म्हणजे तुमचा कागदी नमुना. एका पुढच्या सीटचे, हेडरेस्ट धरून, वीसच्या वर तुकडे निघाले. ते लेदरवर मांडून, भोवती शिवणीचा माया सोडून कापायचे.

शिवायला मी आईचं पायाचं मशीन घेतलं. दुसऱ्याच टाक्याला सुई मोडली. दुसरी सुई घातली, पाच बोटं शिवण आली, वाकडी आली. उसवली. आणि तेव्हा कळलं की कापड माफ करतं, लेदर करत नाही. टाक्याची भोकं तशीच राहतात, ओळीने, तुमच्याकडे बघत.

आता दुसऱ्या माणसाकडे जाणं भाग होतं. आमच्याच गाडीवर २०१६ साली मरून मखमल चढवणारे कुशनवाले चाचा बाजाराजवळच बसतात. त्यांनी माझा गठ्ठा उलगडला, कापलेले तुकडे पाहिले, उरलेल्या साइड पाहिल्या आणि विचारलं, ‘मागची सीट कशात करणार?’

‘यातच. ऐंशी फूट आहे, चाचा.’

‘बेटा, चमडा म्हणजे कपडा नाही. कपडा ह्या काठापासून त्या काठापर्यंत वापरता येते. याच्यात पोटाकडचा भाग सोडावा लागते, तो ताणून लोंबते. मानेकडे सुरकुत्या. इथे जखम, तिथे जखम. पाठीचा भाग खरा. बसायची जागा तिथूनच कापायची. आणि तुम्ही तर,’ त्यांनी माझा सर्वांत मोठा तुकडा वर धरला, ‘बसायची जागा पोटातून कापली.’

म्हणजे तो तुकडा बाद. एक्सेलमध्ये पोट नव्हतं, मान नव्हती, जखमा नव्हत्या. कारची पाचही सीटं लेदरमध्ये करायची तर माल जवळजवळ दुप्पट लागला असता. चाचांनी उरलेल्या मालातून दोन पुढच्या सीटा बसवून दाखवल्या, त्याही चारदा तुकडे फिरवून. त्यांच्या जड मशीनवर, वरून आणि खालून दोन्हीकडून माल सरकवणाऱ्या पायाखाली, जाड नायलॉनच्या दोऱ्याने ती शिवण अशी सरळ गेली की मी आणि बाबा नुसते बघत राहिलो. टाकेही जरा लांब घेतले. फार जवळ टाके घातले तर लेदर पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं. शिलाई त्यांनी दोन दिवसांत दिली. फोमचं कामही त्यांनीच सांगितलं. पूर्ण गादी बदलायची गरज नाही, उजव्या कडेचा मेलेला भाग कापून तिथे घट्ट फोमचा तुकडा सोल्यूशनने चिकटवायचा आणि वर पातळ थर द्यायचा. लेदर चढवून झाल्यावर खड्डा दिसला, तर तो आयुष्यभर दिसतो.

कव्हर चढवणं मात्र आम्ही घरीच केलं. त्यात आमचं गोंदियाचं ऊन पार्टनर निघालं. शिवलेली कव्हरं पंधरा मिनिटं अंगणात ठेवली की लेदर नरम पडतं आणि हवं तसं ताणलं जातं. व्हिडिओतले गोरे लोक यासाठी हॉट गन वापरत होते. आमच्याकडे सकाळी नऊ वाजता ती फुकट सुरू होते! आधी मधली तार, मग पुढची कड, मग बाजू. मी ताणायचं, बाबांनी पक्कडीने रिंग दाबायची, वही उघडी ठेवून आईने सांगायचं, ‘आता ‘क’.’ हेडरेस्टच्या वेळी माझी नखं गेली. पण अकराच्या आत दोन्ही सीटा उभ्या होत्या. गडद तपकिरी, घट्ट, एकही चुणी नाही. बरं, एक आहे. ती मी केलेली आहे, तिला कोणी हात लावायचा नाही.

पाचवा थर

राहिली मागची सीट. लेदर संपलं होतं, सुट्टीचे दोन दिवस उरले होते. म्हटलं, निदान ती मखमल तरी काढू, धुऊ, बघू खाली काय आहे ते. टॉवेल काढला. मरून मखमल काढली. खालचं रेक्झिन काढलं. तडकलेलं, पण फाटलेलं नाही. त्याखाली फॅक्टरीचं पॉलिथीन अख्खं होतं, जरा पिवळं पडलेलं. ते ओढलं तसं कुरकुरत सुटून आलं.

खाली राखाडी कापड. नवंकोरं. बारीक ठिपक्यांची नक्षी, जी आम्ही कोणी कधी पाहिलीच नव्हती. पंधराहून जास्त वर्षं आमच्या घरात असलेली सीट आम्ही चौघं पहिल्यांदा बघत होतो. सॉरी, चौघं नाही, तिघं. दादा बंगलोरला होता.

मी हसत म्हटलं, ‘बघा बाबा, तुमच्या कव्हरांचा फायदा. मागची सीट नवीच आहे!’

बाबा कापडावरून हात फिरवत होते. म्हणाले, ‘कव्हरांनी नाही बेटा. पुढच्या सीटले पण तेवढीच कव्हरं होती.’

मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही. गणिताचे मास्तर, ते उत्तर सांगत नाहीत, पायरी दाखवून थांबतात. पुढची पायरी मी मनात केली. गाडी २००९ची. त्याच वर्षी दादा पुण्याला गेला, पुढच्या वर्षी मी नागपूरला, मग मुंबईला. बाबांनी पाच सीटांची गाडी घेतली ती चौघांसाठी. तिच्या मागच्या बाजूला पाहुणे सोडले, तर बसायला कोणी उरलंच नाही. पुढची सीट झिजली, कारण तिच्यावर रोज एक माणूस बसला. शाळेत गेला, गावाकडे धान बघायला आमगावला गेला, आईला नागऱ्याला घेऊन गेला, आम्हाला आणायला-सोडायला स्टेशनवर गेला. आणि आम्ही दोघं फोनवरून सांगत होतो की, बाबा, विकून टाका.

मागच्या सीटला मी लेदर लावणार नव्हते आणि आता कव्हरही लावणार नव्हते. बाबांना वाटलं, माल संपला म्हणून मी मनाची समजूत घालतेय. म्हणून त्यांना एक खरी गोष्ट सांगितली. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात, शोफर ठेवणाऱ्या श्रीमंतांच्या गाड्यांत लेदर असायचं ते ड्रायव्हरच्या सीटला. कारण तो उघड्यावर, ऊन-पावसात बसायचा आणि लेदर टिकाऊ. मालक मागे बंद केबिनमध्ये उंची लोकरी कापडावर बसायचे. अजूनही जपानची टोयोटा सेंच्युरी, म्हणजे तिथल्या सम्राटांच्या घराण्याची गाडी, लोकरी सीटांसाठी प्रसिद्ध आहे. कापड उन्हात तापत नाही, बसताना कुरकुरत नाही.

‘म्हंजे?’ आईने विचारलं.

‘म्हणजे पुढे लेदर, मागे कापड. आपली वॅगन आर सम्राटांच्या धर्तीची झाली.’

‘अन् मी पुढं बसते ते?’

‘तू शोफरची बायको.’

बाबा किती तरी दिवसांनी मोठ्याने हसले.

आता देखभाल. लेदरला साबण, डेटॉल, शाम्पू काही लावायचं नाही. आठवड्याला कोरड्या मऊ फडक्याने पुसायचं, मळलं तर किंचित ओल्या. तीन-चार महिन्यांनी लेदर कंडिशनर, थोडंच. खोबरेल तेल नको, ते वासतं आणि धूळ धरतं. आणि मुख्य म्हणजे थेट उन्हात गाडी लावायची नाही. लावावी लागलीच, तर काच झाका.

हे सगळं मी एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं आणि निघाले. स्टेशनवर जाताना मी मुद्दाम मागे बसले, नव्या कापडावर, मधोमध, दोन सीटांच्या मधून डोकं पुढे काढून. बारावीत बसायचे तशी. आईने ‘नीट बस’ म्हटलं, तेही तेव्हासारखंच.

मुंबईत पोचायच्या आधीच ग्रुपवर फोटो आला. ड्रायव्हरच्या सीटवर टॉवेल! मी रागाने फोन लावला. बाबा शांतपणे म्हणाले, ‘दुपारी बाराला बसून पाह्य तू. चटका बसते. ऊन उतरलं की काढतो.’ खरं सांगायचं तर या मुद्द्यावर ते बरोबर आहेत. पंचेचाळीस डिग्रीत गडद लेदर तव्यासारखं तापतं, हे मी धारावीत रंग निवडताना विसरले होते.

मागच्या सीटवर मात्र त्यांनी काही टाकलेलं नाही. पावसाळा लागल्यावर आणखी एक फोटो आला. दादा मुलांना घेऊन आठ दिवस गोंदियाला गेला होता. राखाडी कापडावर चिखलाच्या दोन छोट्या पावलांचा ठसा आणि बाजूला सांडलेलं मँगो ड्रिंक. खाली आईचा मेसेज होता, रागाच्या तीन इमोजींसकट, ‘बघ, कव्हर काढायला लावलं तू.’

त्याखाली बाबांचा. ‘राहू दे. धुवायचं नाही इतक्यात.’